मशीन बिघडले नाही, मळले आहे





शिवणवर्गासाठी जुनी मशिने हवी आहेत असे या पत्रिकेतून कळवल्यापासून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. उपासनेनंतर चर्चच्या पायरीवर विचारतात, फोनवर विचारतात : "ताई, सासूबाईंचे मशीन घरात पडून आहे, पण ते बिघडलेले आहे. चालेल का?" माझे उत्तर ठरलेले आहे. चालेल, पण पाठवण्याआधी एकदा उघडून पाहा. आमच्याकडे बिघडलेली म्हणून आलेल्या मशिनांत खरोखर मोडलेली अगदी थोडी निघाली. बाकीची मळलेली होती. आत तेल वाळलेले, दात्यांखाली भुगा ठासलेला, सुई बोथट, आणि वरून मात्र सुंदर विणलेले कव्हर.

म्हणून या अंकात मशीन घरच्या घरी कसे साफ करावे आणि कसे राखावे ते सविस्तर लिहिते आहे. हे जितके आपल्या घरातल्या मशीनसाठी आहे, तितकेच पाड्यावरच्या भगिनींसाठी. वर्गात आम्ही पहिले दोन दिवस टाका शिकवतच नाही, हेच शिकवतो.

त्याचे कारण सांगते. आमचे काम अक्राणी तालुक्यात, सातपुड्यात आहे. पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले. मशीन अडले तर त्याचे डोके काढून, डोक्यावर घेऊन, रस्त्यापर्यंत उतरायचे आणि तिथून जीपने धडगाव गाठायचे. ते डोके ओतीव लोखंडाचे, दहा-बारा किलोंचे. जाण्याचा दिवस, भाडे, मिस्त्रीची मजुरी, आणि तो म्हणाला "पुढच्या बाजाराला या" तर पुन्हा तेच. शिवणकामाला आमच्याकडे दोन वेळा खरी भर येते. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात तेव्हा, आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना. त्या पंधरवड्यांत मशीन बंद राहिले तर बाईची वर्षाची निम्मी कमाई गेली असे समजा.

मागे एका पाड्यावर गेले होते. दोन मुलांची आई, नवरा वारलेला. वर्गातून मिळालेले मशीन कोपऱ्यात गोधडीखाली झाकून ठेवलेले. भंगारवाला येऊन वजनावर भाव सांगून गेला होता आणि पुढच्या फेरीला ती देऊन टाकणार होती, कारण मुलाच्या वह्या-पुस्तकांना पैसे हवे होते. चाक फिरत नव्हते. विचारले, तेल कोणते घातले? म्हणाली, डोक्याला लावतो तेच. दुपारभर आम्ही दोघी ओसरीवर बसलो. दात्यांवरची प्लेट काढली तर खाली नमदा जमावा तसा घट्ट थर निघाला. संध्याकाळी चाक फिरले. आपण वर्गात तिला टाका शिकवला, कटिंग शिकवले, मशीन दिले. तेलाची कुपी आणि ब्रश दिला नव्हता कोणी. तेव्हापासून त्याशिवाय मशीन बाहेर जात नाही.

आधी तेलाचेच बोलू. मशीनला फक्त मशीनचे तेल. ते पातळ, पाण्यासारखे स्वच्छ असते आणि शिवणसामानाच्या कोणत्याही दुकानात लहान कुपीत मिळते. स्वयंपाकाचे गोडेतेल हवेने हळूहळू चिकट होते आणि शेवटी लाखेसारखे वाळून बसते. खोबरेल तेलाची गंमत वेगळी. ते थंडीत गोठते. तोरणमाळकडच्या हिवाळ्यात मशीन सकाळी जड चालते आणि दुपारी ऊन चढले की हलके होते, अशी तक्रार ऐकली की मी आधी खोबरेलची बाटली कुठे आहे ते विचारते. मोटरसायकलमधून काढलेले काळे तेल तर मुळीच नको. त्यात लोखंडाचा कीस असतो, आणि कापडावर पडलेला डाग निघत नाही.

आता सफाई. मोटर लावलेली असेल तर प्लग काढा. पायडलचे असेल तर पट्टा चाकावरून उतरवून ठेवा, म्हणजे कोणाचा पाय पडून सुई बोटात जाणार नाही. लहान मुलांना लांब बसवा. सामान फार लागत नाही : एक जुना दात घासायचा ब्रश, एक रंगाचा बारीक ब्रश, मऊ सुती चिंधी, लहान-मोठे दोन स्क्रू ड्रायव्हर आणि तेल. एक ताटली मात्र हवीच. काढलेला प्रत्येक स्क्रू ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने ताटलीत ठेवायचा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडलेला बारीक स्क्रू शोधण्यात माझे किती तास गेले असतील, देव जाणे.

पहिल्यांदा सुई काढा. काढण्याआधी तिची सपाट बाजू कुठे आहे ते नीट पाहून ठेवा, कारण नवी सुई तशीच बसली पाहिजे. सुईला एका बाजूने लांब खाच असते, आणि दोरा नेहमी त्या खाचेच्या बाजूने ओवायचा. नवी सुई बसवताना ती वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळायचा. एवढ्या तीन गोष्टी चुकल्या तर टाके सुटतात, दोरा तुटतो, आणि माणूस म्हणतो मशीन बिघडले. सुई वाकली आहे का हे कळायला ती आरशावर किंवा काचेवर सपाट बाजूने ठेवा. टोकाकडे फट सारखी दिसली पाहिजे. टोक बोथट झाले आहे का ते जुन्या नायलॉनच्या ओढणीवरून फिरवून पाहा, धागा ओढला गेला तर सुई टाकून द्या. सात-आठ तास शिवल्यावर सुई बदलावी असे जाणकार सांगतात. टेरीकॉट आणि नायलॉन तर सुईला सुतीपेक्षा लवकर बोथट करतात. आमच्याकडच्या भगिनी मात्र सुई मोडेपर्यंत वापरतात. एका सुईची किंमत आणि एका फाटलेल्या ब्लाउजपीसची किंमत शेजारी शेजारी लिहून दाखवली, तेव्हा कुठे थोडे पटले. साध्या कापडाला चौदा नंबर, जाड गणवेशाला सोळा, अगदी झिरझिरीत कापडाला अकरा. जुनी सुई दुकानात नेऊन तशीच मागा म्हणजे जात चुकत नाही.

सुई निघाली की कापड दाबून धरणारे पाऊल काढा आणि त्याखालच्या प्लेटचे दोन स्क्रू सोडवा. इथेच सगळा कचरा असतो. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या ओळींमध्ये भुगा बसत जातो, त्यात तेल मिसळते, वरून दाब पडतो आणि त्याची पट्टी होते. मग दाते पुरेसे वर येत नाहीत आणि कापड जागच्या जागी घुटमळते. ब्रशने निघाले नाही तर जुन्या सुईच्या टोकाने उकरून काढा. तोंडाने फुंकर मारायची सवय सर्वांना असते, ती सोडा. फुंकरीने कचरा बाहेर येत नाही, आणखी आत जातो, आणि आपल्या श्वासातली ओल पोलादाला लागते. प्लेट हातात आहे तोवर सुईच्या भोकावरून बोट फिरवा. सुई आदळून तिथे ओरखडा पडला असेल तर दोरा तिथेच कातरतो. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून भोक आतून हलके घासले की काम होते.

यानंतर शटल. नवशिके इथे घाबरतात, पण घाबरण्यासारखे काही नाही. चाक आपल्याकडे फिरवून सुईचा दांडा सर्वांत वर आणा. बॉबिन केसची कडी ओढून केस बाहेर काढा. मागे एक गोल कडे दिसेल, त्याला दोन बाजूंना दोन लहान पाकळ्या. त्या बाहेर वळवल्या की कडे निघते आणि त्यामागे अर्धचंद्रासारखे शटल हातात येते. ते कसे बसले होते ते एकदा डोळ्यांत साठवून ठेवा. आतली गोल जागा ब्रशने साफ करा, चिंधीने पुसा. तिथे हमखास दोऱ्याचे एखादे तुटलेले टोक अडकलेले सापडते. चाक अचानक घट्ट झाले असेल तर दहांत नऊ वेळा दोषी तेच टोक. शटलच्या कडेवर, जिथे ते घासून फिरते तिथे, तेलाचा एकच थेंब. मग शटल, कडे, पाकळ्या, केस, या क्रमाने परत.

बॉबिन केसवर एक चपटी स्प्रिंग असते आणि तिच्याखालून दोरा जातो. त्या फटीत तूस अडकले की खालचा दोरा सैल पडतो. पोस्टकार्डासारख्या कागदाचा कोपरा फटीतून फिरवून घ्या. स्क्रूला हात लावायचा तो त्यानंतर, आणि तोही पाव आट्यापेक्षा जास्त नाही. केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवा : आपोआप घसरत खाली आली तर सैल, हलका झटका दिल्यावर थोडीशी उतरून थांबली तर बरोबर, झटका देऊनही हलली नाही तर घट्ट.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण हिच्यावरून फार मशिने मिस्त्रीकडे जातात. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होत असेल तर सगळे खालच्या बॉबिनला दोष देतात आणि केसचा स्क्रू आवळत सुटतात. खरे तर खाली जाळी होते ती वरचा दोरा सैल असल्यामुळे. वरचा दोरा काढा, पाऊल वर उचला आणि पुन्हा ओवा. पाऊल वर असले की टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो; पाऊल खाली ठेवून ओवला तर तो चकत्यांवरून नुसता घसरत राहतो. चकत्यांमध्ये तूस असेल तर स्वच्छ कोरडी चिंधी त्यांच्यातून ओढून घ्या. तिथे तेल कधीही नाही.

तेल घालायचा नियम सोपा आहे. जिथे लोखंड लोखंडावर घासते, तिथे एक थेंब. मशीनच्या हातावर वरून लहान भोके असतात ती त्यासाठीच. मागे गोल झाकण असेल तर ते सरकवून आत. डावीकडच्या तोंडावरची प्लेट काढून सुईच्या दांड्याला आणि पावलाच्या दांड्याला. मग मशीन बिजागरीवर मागे कलते करून खालच्या सांध्यांना. चाक हळू फिरवत पाहिले की काय हलते आहे ते आपोआप कळते. पायडलच्या दांडीला आणि पायडल ज्या दोन टोकांवर हिंदकळते त्यांना लोक विसरतात. कुईकुई आवाज बहुतेक तिथूनच येतो. पट्ट्याला, बॉबिन भरायच्या रबरी चकतीला आणि मोटरला तेल नाही. तेल लागलेला पट्टा घसरतो. तेल घालून झाले की दोरा न ओवता, पावलाखाली जुने कापड ठेवून, दोन मिनिटे मशीन चालवा. सांडलेले तेल त्या कापडात उतरते, गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर नाही. रोज दिवसभर शिवणाऱ्या बाईने रोज सकाळी ब्रश आणि तेल. आठवड्यातून एखाद-दोनदा फॉल-बिडिंग करणारीला पंधरा दिवसांतून एकदा पुरते.

वर्षानुवर्षे पडून राहिलेले, जाम झालेले मशीन असेल तर तेल भागत नाही. तेलाच्या त्याच सगळ्या जागी रॉकेलचा एकेक थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. चुलीपासून आणि दिव्यापासून लांब, आणि वापरलेल्या चिंध्याही लांब. सकाळी चाक थोडे पुढे, थोडे मागे असे हलवत राहा. जोर लावू नका, हातोडी तर आणूच नका. फिरू लागले की पाऊल वर उचलून मिनिटभर वेगात चालवा, विरघळलेली काळी घाण पुसून काढा, आणि मग सगळीकडे मशीनचे तेल द्या. रॉकेल घाण सोडवते, पण वंगण म्हणून त्याचा उपयोग नाही, म्हणून शेवटचे तेल चुकवायचे नाही. मशीनवरची सोनेरी नक्षी मात्र साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडानेच पुसा. स्पिरिटने ती नक्षी जाते.

चाक फिरते पण सुई हलत नाही, असे असेल तर काही उघडूच नका. चाकाच्या मधला मोठा गोल स्क्रू बॉबिन भरताना सैल केला जातो आणि नंतर आवळायचा राहतो. आमच्या एका भगिनीने एवढ्यासाठी मशीनचे डोके तालुक्याला नेले होते. तिथे स्क्रू एका हाताने आवळून दिला आणि सर्व्हिसिंगचे पैसे घेतले. ज्याने घेतले त्याच्यावर माझा राग आहे, पण त्याहून जास्त राग तिला ते कोणी दाखवले नव्हते याचा आहे. आता ती स्वतः शेजारच्या दोन पाड्यांवरची मशिने पाहते.

पावसाळ्याचे वेगळे सांगायला हवे. कुडाच्या घरात चार महिने हवेत ओल असते. मशीनवर प्लास्टिक टाकले तर ओल आत कोंडते आणि गंज धरतो, त्यापेक्षा जुन्या सुती साडीचे दुहेरी कव्हर चांगले. चुलीजवळ मशीन ठेवू नये, कारण धुराची काजळी तेलात बसते. काम नसेल तेव्हा पावलाखाली तेलाचा हात लावलेला चिंधीचा तुकडा ठेवून पाऊल खाली सोडा. चामड्याचा पट्टा दमट हवेत लांबतो. तो सैल झाला की तारेची कडी काढून थोडासा कापायचा आणि पुन्हा जोडायचा; एकदम बोटभर कापला तर पायडल इतके जड होते की गुडघे दुखतात. उंदरांनाही हा पट्टा आवडतो, म्हणून रात्री उतरवून खुंटीला टांगून ठेवायला सांगतो. आणि स्टँडचे चारही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. सारवलेल्या जमिनीवर एका पायाखाली चपटी फरशी सरकवली की निम्मा खडखडाट थांबतो.

काही जण विचारतात, नवे विजेवरचे, हलके, नक्षीकाम करणारे मशीन द्यावे का? मनापासून आभार मानून मी नको म्हणते. पाड्यावर वीज कधी असते, कधी नसते, आणि ती मशिने स्क्रू ड्रायव्हरने उघडून दुरुस्त होत नाहीत. काळे पायडलचे मशीन मात्र पाहून समजते. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद ठरवले होते. बायकोला हाताने शिवण्याचे कष्ट करताना पाहून सिंगरने ते केले, असे ते म्हणत. यापोतल्या टबीथाकडे तेही नव्हते. पेत्राला विधवांनी रडत दाखवलेली वस्त्रे तिने सुईनेच शिवलेली असणार.

तर आता आपल्या घरातल्या मशीनकडे या. वर लिहिल्याप्रमाणे एका रविवारी दुपारी ते उघडा. घरातल्या मुला-मुलींना जवळ बसवा, त्यांना हे काम आवडते. साफ झाल्यावर चालू लागले आणि घरीच वापरावेसे वाटले तर अवश्य वापरा. द्यायचे ठरवले तर सुती कापडावर एक वीत शिवण घालून तो तुकडा मशीनलाच पिन करून पाठवा. तो पाहून आम्हाला टाक्याची स्थिती कळते. मोडलेला भाग सापडला तर तेही कागदावर लिहून चिकटवा, लाजू नका. सुट्या भागांसाठी आम्ही एखादे मशीन तसेही ठेवतोच.

डोके स्टँडपासून वेगळे काढून, जुन्या चादरीत गुंडाळून, उभे बसवून पाठवावे. टेम्पोत आडवे पडले तर चाकाचा दांडा वाकतो. बॉबिन केस आणि शटल काढून वेगळ्या पिशवीत घालून स्टँडच्या खणात ठेवा, प्रवासात हरवतात ते हेच दोन भाग. जास्तीच्या बॉबिन असतील तर त्याही द्या. पट्टा जुना असला तरी फेकू नका. तेलाची कुपी मात्र पिशवीत घालू नका, सांडते. ती आम्ही इथे देतो.